पैनगंगेपलीकडचे करंज

वाचकहो, आज जरा पैनगंगेपलीकडे जाऊ या. नागपूर-हैदराबाद रस्त्याने पांढरकवडा मागे टाकून नदीचा पूल ओलांडला, की आदिलाबाद येते. तिथून इंद्रवेल्ली, उटनूर अशी वाट धरली, की जैनूरच्या बाजूला पॉवरगुडा हे गोंडांचे लहानसे गाव लागते. मुलूख तेलंगणाचा, पण कापूस, तूर आणि करंज पाहून आपलेच गाव आठवावे!

करंज कोण ओळखत नाही? भर उन्हाळ्यात गर्द सावली देणारा, गुरे सहसा तोंड लावत नाहीत असा. तेल कडू, दिव्यापुरते. पण इथल्या बायांच्या बचत गटांनी २००२ साली साडेचार हजार करंज लावले. डिझेलऐवजी करंजतेल जाळले, तर दहा वर्षांत १४७ टन कर्बवायू हवेत जायचा वाचेल, असा हिशेब निघाला. त्यापोटी ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर दिले. वॉशिंग्टनच्या एका परिषदेपायी झालेल्या धुराची ती भरपाई होती!

तेलाचे डिझेल होते तरी कसे? साधारण चार किलो बियांचे एक लिटर तेल निघते. त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून ते गरम ठेवून ढवळतात. मग जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर जैवडिझेल राहते. ते पाण्याने धुऊन सुकवतात. मात्र मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन पेट घेते. घरी हा प्रयोग मुळीच करू नका.

मग शेतात करंजच लावावेत काय? थांबा! त्याच २००३ साली नियोजन आयोगाने मोगली एरंडाची मोठी शिफारस केली होती. पुष्कळांनी तो लावला. सांगितले तेवढे बी आले नाही, गिऱ्हाईकही मिळेना. शेवटी झाडे उपटावी लागली. करंजही बी धरायला चार-पाच वर्षे घेतो. तेव्हा पोटाचे रान त्याला देऊ नका. बांध, नाल्याचा काठ, पडीक माळ एवढीच त्याची जागा.

तेल विकले गेले नाही, तरी पेंड वाया जात नाही. ती गुरांपुढे टाकू नका, शेतात घाला. उत्तम खत आहे. पॉवरगुडाहून परतताना एवढे गाठीशी बांधून आणले, तरी वाट सार्थकी लागली म्हणायची.