आजीची चांदणी

पंचवटीतल्या आमच्या वर्गात आजी नुकतीच गेलेल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आजी चांदणी झाली ना? मग चांदण्या मरतात का हो?" मी विषय टाळला. चुकलंच माझं.

रात्री पुस्तकं काढली. १३ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉर असताना, दूर कुठेतरी दोन मेलेले तारे, म्हणजे न्यूट्रॉन तारे, एकमेकांवर आदळले. तो प्रकाश आपल्याकडे पोचला १७ ऑगस्ट २०१७ रोजी! आपल्या पुणे रस्त्यावर, नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीनेही पुढे त्या स्फोटाच्या रेडिओलहरी टिपल्या. अशा टकरीत सोनं घडतं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "मरतात गं. पण जाताना सोनं देऊन जातात."

तिने गळ्यातला आजीचा मणी घट्ट धरला.