ओकायामातली आमची गल्ली

जपान म्हटले की टोकियोचा झगमगाट, क्योतोची मंदिरे आणि फुजी पर्वत डोळ्यांपुढे येतात. आठ-दहा दिवसांच्या सहलीत तेवढेच पदरात पडते, आणि तेही काही थोडे नाही. पण नोकरीनिमित्त तेथल्या एखाद्या मध्यम शहरात बिऱ्हाड थाटावे लागले, तर जपान घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते आणि ते पायीच पाहावे लागते.

ओकायामा हे असेच एक शहर. पुणेकरांना हे नाव परके नसावे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान येथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. नदीच्या पलीकडे काळा किल्ला आहे. तो १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९६६ साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला. प्रवासी बाग आणि किल्ला पाहून हिरोशिमाची गाडी पकडतात. आमचे घर मात्र ट्रामच्या शेवटच्या थांब्याकडे, हिगाशियामाच्या बाजूला होते. तिकडे कोणी मुद्दाम जात नाही.

पहिली अडचण पत्त्याची. बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. वस्तीचे नाव, मग विभागाचा क्रमांक, मग घराचा. जुनी पद्धत जेथे टिकून आहे तेथे शेजारच्या दोन घरांचे क्रमांक लागोपाठ असतील याचीही खात्री नाही. अशा वेळी नाक्यावरच्या पोलीस चौकीत शिरायचे. आपल्याकडे चौकीची पायरी चढायची म्हणजे पोटात गोळा येतो. तेथे नकाशावर बोट ठेवून घर दाखवणे हे पोलिसाच्या रोजच्या कामांपैकी एक!

हळूहळू भिंती वाचायची सवय लागली. काही घरांच्या आणि दुकानांच्या दारांवर मुलांसाठी एक पाटी असते, तिच्यावर ११० हा पोलिसांचा क्रमांक. शाळेतून एकट्या येणाऱ्या मुलाला रस्त्यात भीती वाटली तर त्याने बेधडक त्या दारात शिरावे, एवढाच तिचा अर्थ. आपले मूल परक्या देशात एकटे शाळेत जाणार, या विचाराने ज्या आईची झोप उडालेली असते तिला ती पाटी कोणत्याही देवळाइतकी मोलाची वाटते.

देवही वाटेवरच भेटतात. कोपऱ्याकोपऱ्यावर लाल लाळेरे बांधलेली दगडी मूर्ती दिसते, ती जिझोची. हा मुलांचा आणि वाटसरूंचा रक्षक. मुळात हा आपल्याकडचा बोधिसत्त्व क्षितिगर्भ. पण खरा धक्का बसला तो टेकडीच्या उतारावरच्या कबरस्तानात. जपानी लोक दहन करतात आणि अस्थी दगडाखाली ठेवतात. तेथे पाच दगडांचे जुने स्तंभ आहेत. तळाचा चौकोन पृथ्वी, त्यावरचा गोल जल, मग अग्नी, वायू आणि टोकाला आकाश. प्रत्येकावर एक अक्षर कोरलेले. खालून वर वाचत गेले तर अ, व, र, ह, ख! ही सिद्धम् लिपी, आपल्या नागरीची चुलत बहीण. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई हा भिक्षू चीनमध्ये शिकून परतला, त्याच्या पंथाने ती जपानात जपली. दुकानावरची एक पाटी वाचता येत नव्हती त्या गावात वाचता आलेली पहिली अक्षरे ही अशी स्मशानात सापडली.

ओकायामा जिल्हा स्वतःला कौतुकाने 'सूर्यप्रकाशाचा देश' म्हणवतो, आणि पाऊस खरोखरच बेताचा. तरीही महापालिका घरोघरी पुराचा नकाशा वाटते. नदी फुटली तर कोणत्या गल्लीत किती पाणी चढेल, ते रंगांनी दाखवलेले. नवख्यांना तो कागद रद्दीत घालावासा वाटतो. पण २०१८ च्या जुलैत शेजारच्या कुराशिकी शहरातला माबी हा भाग पाण्याखाली गेला आणि तेथे ५० हून अधिक माणसे दगावली. त्यात वृद्धच जास्त. पाणी जेथवर पोचले ती हद्द आधीच्या नकाशाशी जवळजवळ जुळत होती. नकाशा होता, पण पुष्कळांनी त्याप्रमाणे घर सोडले नव्हते. म्हणून अशा शहरात राहायला जाणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात घरापासून आसऱ्याच्या शाळेपर्यंत मुलांना घेऊन एकदा चालून यावे. आमच्या घरापासून अकरा मिनिटे लागत, पाळण्यातल्या मुलाची गाडी असेल तर चौदा.

शेजाऱ्यांशी ओळख झाली ती मात्र एका फळीमुळे. मोहल्ल्याच्या मंडळाची सूचनापत्रे एका फळीला लावून घरोघर फिरवतात. नालेसफाईचा दिवस, कचऱ्याचे बदललेले वार, आपत्तीची रंगीत तालीम. आपण वाचायचे, खूण करायची आणि पुढच्या दारी नेऊन द्यायचे. आमच्याकडे ती शेजारच्या आजी आणत. पहिल्यांदा सोबत दोन पांढरे पीच आणले, ओकायामाची खासियत. रिकामे भांडे परत द्यायचे नसते हा नियम तेथेही आहे, तेव्हा आमच्याकडून रव्याचे लाडू गेले. पुढच्या वेळी आजींनी नालेसफाईच्या सूचनेभोवती पेन्सिलीने गोल काढून आणला आणि हाताने खराट्याचा अभिनय करून दाखवला.

आमच्यानंतरचे घर बंद होते. २०२३ च्या गणनेत जपानात अशी रिकामी घरे सुमारे ९० लाख निघाली, म्हणजे दर सात घरांत जवळपास एक. त्यामुळे फळी आम्ही एक घर सोडून पलीकडे नेत असू. त्या घरातले आजोबा एकटे राहत. दार उघडायला त्यांना वेळ लागे, म्हणून आजींनी बजावले होते, की घंटा वाजवून फळी ठेवून यायचे नाही, ते दारात येईपर्यंत थांबायचे.