वरसून की खालसून?

कोंबडा बोलतो! आरवतो, ओरडतो, हे काय कुणालाही माहीत असतं. पण धोका आकाशातून येतोय की जमिनीवरून, हे तो दोन वेगळ्या आवाजांत स्वच्छ सांगतो, आणि हे मला आत्ता कुठे कळलंय! तेव्हापासून भेटेल त्याला थांबवून मी हेच ऐकवत सुटले आहे. घरचे कंटाळले, आता तुमची पाळी.

कुडाळजवळ आमच्या सासरच्या परसात गावठी कोंबड्या आहेत, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्यावर टपलेलेच जास्त. मुंगूस, शिक्रा, घार, भटकी कुत्री, अंधार पडला की रानमांजर आणि कांडेचोर, पिल्लांसाठी आणि अंड्यांसाठी धामण, कावळा. शिवाय भारद्वाज. तो दिसला की शुभ म्हणून हात जोडायचे आणि डालग्याखाली पिल्लं असली की त्याच हातांनी हुसकून लावायचं, असा आमचा व्यवहार.

शेजारच्या काकी ओट्यावर नारळ सोलत बसल्या होत्या. कोंबडा किंचाळला. काकींनी मानही वर केली नाही. "घार असतली," म्हणाल्या. मी अंगणात येऊन पाहते तर माडांच्या वर खरंच घार! मग एकदा कोंबडा वेगळाच कलकलला, तर त्या आतूनच ओरडल्या, "खालसून इला काय तरी, बघ गो!" गडग्याच्या फटीत मुंगूस. मला वाटलं, या बाईला काहीतरी सिद्धी आहे. त्या हसल्या. "आयक गो. कोंबो सांगता ता."

आणि मी ऐकायला लागले! वरून कुणी आलं तर एक बारीक, चिरका, लांबत जाणारा आवाज. बहुतेकदा एकदाच. कोंबडा कुठे उभा आहे तेही पटकन कळत नाही. खालून आलं तर मात्र कक्-कक्-कक्-कक् अशी तुटक, वाढत जाणारी ओरड, थांबायचं नावच नाही, सगळ्या वाडीला वर्दी. कोंबड्यांचं वागणंही त्याबरहुकूम. पहिल्या आवाजाला त्या जास्वंदीच्या बुडाशी धावतात, अंग चोरून बसतात आणि मान तिरकी करून एका डोळ्याने वर पाहतात. दुसऱ्या आवाजाला ताठ उभ्या राहतात, माना उंच, नजर समोर आणि आजूबाजूला.

मग मी वाचायला घेतलं आणि झोपच उडाली. ख्रिस इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी 1993 मध्ये हेच छापलं आहे! त्यांनी कोंबड्यांना डोक्यावरच्या पडद्यावर शिकारी पक्ष्याची आकृती दाखवली आणि समोर रकून या प्राण्याचं चित्रण. दोन्ही वेळा हाक वेगवेगळी. मग नुसत्या ध्वनिमुद्रित हाका एकेकट्या कोंबडीला ऐकवल्या, समोर शिकारी कुणीच नाही, तरी ती वरच्या हाकेला दडली आणि खालच्या हाकेला ताठ झाली. म्हणजे काकींचं शास्त्र! त्याआधी 1988 मध्ये मार्लर यांच्याच गटाने दाखवलं होतं, की कोंबडा एकटा असला तर ससाण्याची आकृती दिसूनही बरेचदा गप्प बसतो. जवळ कोंबडी असली की ओरडतो. ऐकणारं कुणी असलं तरच बोलतो हो! हे वाचल्यापासून मला आमच्या कोंबड्याबद्दल आदरच वाटू लागला आहे, आणि रविवारी त्याच्याकडे नुसत्या रश्श्याच्या नजरेने पाहणाऱ्या पाहुण्यांचा राग येतो. पिल्लं वाढवायची तर कळपात एक जाणता कोंबडा हवाच.

(हे सगळं रानातून आलेलं. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण तिचे पिवळे पाय आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आले, असं 2008 मध्ये जनुकांवरून दिसून आलं. आता मी येताजाता कोंबड्यांचे पायच बघते!)

तर मुद्दा असा, की कोंबडा दोन दिशा सांगतो, तर राखणही दोन दिशांनी हवी. आम्ही आजवर कुंपण म्हणून षटकोनी भोकांची कोंबडीजाळी लावायचो. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं ती फाडतं, भोकं मोठी असली तर मुंगूस आणि साप सरळ आत. आता खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे. आणि सगळ्यात भारी गोष्ट जमिनीवर! जाळी भिंतीच्या पायथ्याशी संपवायची नाही, बाहेरच्या बाजूला दीडेक फूट आडवी पसरायची आणि वर माती-दगड टाकायचे. उकरणारा प्राणी भिंतीला नाक लावून तिथेच उकरायला लागतो, नखं जाळीवर घासतात. चार पावलं मागे सरकून तिथून उकरावं, हे सहसा त्याच्या डोक्यात येत नाही. इतकी साधी युक्ती! दाराला नुसतं फिरवायचं लाकूड नको, कडी-कोयंडा हवा. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, ती संध्याकाळी आपण होऊन आत येते. तेव्हा दार लावायला कुणीतरी घरी असलं, की निम्मी लढाई जिंकली.

वरच्या धोक्याला मात्र जाळीपेक्षा आडोसा बरा, असं माझं मत झालं आहे. मोकळं, झाडून लख्ख केलेलं अंगण शिक्र्याला हवंच असतं. जास्वंद, अबोली, खाली फांद्या आलेलं करवंद असं काही जागोजागी असलं, की हाक आल्यावर पळायला घर मिळतं. पिल्लांच्या कोपऱ्यावर आम्ही मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलं आहे. ताणूनच, आणि जमिनीपासून वर. सैल लोंबलं तर त्यात साप अडकून मरतो. मुंगूस असो वा धामण, मारायचं नाहीच. 1972 च्या कायद्याचं संरक्षण आहे म्हणूनच केवळ नव्हे. उंदीर-घुशी कोण खाणार मग? वरच्या धोक्यासाठी कोंबडीचा रंगही बघा: हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी काढलेला वनराज हा कोंबड्यांचा वाण मुद्दाम रंगीत पिसांचा आणि लांब पायांचा आहे. पांढरी कोंबडी हिरव्या परसात आकाशातून किती उठून दिसत असेल!

आता मला एकच नाद लागला आहे. दिसलेल्या प्रत्येक पाहुण्याला कोंबडा काय म्हणतो? परवा भारद्वाज कुंपणाखालून चालत आला. पक्षी, पण पायी! मी भाकरी तव्यावर सोडून धावले. कोंबड्याने खालची ओरड दिली, एकदाही वरची नाही. हे काकींना धापा टाकत सांगितलं, तर त्यांनी सुकत घातलेली आमसुलं पालथी करता करता माझ्याकडे पाहिलं. "मगे, चलत इलो तर काय वरसून म्हणतलो?"