भाड्याचा अंगरखा

शाळेच्या संमेलनांत एकदां आम्ही राजा झालों होतों. जरीचा अंगरखा व मंदील भाड्याचे होते. दुसऱ्या दिवशीं अंगरख्यावर चहाचा डाग निघाला आणि दुकानदारानें दंड मागितला. वडील रागावले नाहींत. नव्या वहाणांसाठीं ठेवलेले पैसे त्यांनीं मुकाट्यानें काढून दिले. आमचें राज्य एका रात्रीचें. परंतु त्या जुन्या वहाणा आम्हांस वर्षभर दिसत होत्या.

अमेरिकेंतील ‘रेंट द रनवे’ या कंपनीची हकीकत वाचतांना हें सारें आठवलें. जेनिफर हायमन व जेनिफर फ्लाइस या हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनीं ती २००९ सालीं काढली. हायमनबाईंच्या बहिणीनें एका लग्नासाठीं ऐपतीबाहेरचा पोशाख विकत घेतला होता. एकदांच घालावयाच्या वस्त्रासाठीं एवढा खर्च कां, या प्रश्नांतून ही कल्पना निघाली. नामांकित कलावंतांनीं योजिलेले पोशाख चार किंवा आठ दिवसांसाठीं भाड्यानें मिळूं लागले. २०१६ सालीं मासिक वर्गणीही सुरू झाली.

दुकान कपड्यांचें, परंतु खरें काम धोब्याचें व शिंप्याचें! परत आलेला प्रत्येक पोशाख तपासावा, डाग काढावे, उसवलेलें शिवावें, इस्त्री करून पुन्हां धाडावा. जितक्या वेळां तो निर्मळ होऊन जाईल, तितकी कमाई.

२०१९ च्या मार्चमध्यें कंपनीचें मोल १०० कोटी डॉलर ठरलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत कोठाराची व्यवस्था बदलतांना पोशाख वेळेवर पोहोंचेनात. कांहीं काळ नवीं गिऱ्हाइकें घेणें थांबवावें लागलें. २०२० सालीं महामारीनें समारंभ बंद पडले आणि कंपनीचीं सर्व दुकानें कायमचीं मिटलीं. २०२१ च्या ऑक्टोबरांत २१ डॉलर दरानें शेअर विकले गेले. पुढें भाव इतका घसरला कीं, २०२४ सालीं वीस शेअरांचा एक करावा लागला. २०२५ सालीं कर्ज ३४ कोटी डॉलरांवर गेलें होतें. तेव्हां सावकारांनीं कर्जाच्या बदल्यांत मालकीचा मोठा वांटा घेतला व कर्ज १२ कोटींवर आणलें.

इतरांस वस्त्रें उसनीं देणारी कंपनी स्वतः उसन्या पैशावर उभी होती! तथापि, एका वस्त्रानें अनेकांची हौस भागावी, ही कल्पना आम्हांस आजही चांगलीच वाटते. मात्र उसन्याचा नियम राजास व सावकारास एकच : घेतलेलें वेळेवर आणि निर्मळ परत करावें.

विद्यार्थिमित्रहो, पुढील संमेलनांत आपणांपैकीं जो कोणी राजा होईल, त्यानें चहा मात्र अंगरखा उतरविल्यावरच घ्यावा.