हाताला न लागणारा दोर

माझ्या लहानपणी हर्णै बंदरात बोटी पाण्यातच नांगरून ठेवायचे. घरी यायला होडीत उतरण्याआधी बाबा नांगराचा दोर मुठीतून सरकवत हातभर-हातभर तपासायचे. कुठे पीळ झिजलेला लागला की थांबायचे, तेवढा भाग कापून दोर पुन्हा सांधायचे. मला कंटाळा यायचा. दोर तर चांगला दिसायचा!

पुढे मी इंजिनिअर झालो आणि फिरून दोरापाशीच आलो. मेक्सिकोच्या आखातात, दीड हजार मीटर खोल पाण्यात, तेलाचा तरंगता प्लॅटफॉर्म जागेवर धरून ठेवायचे दोर टाकायचं आमचं काम होतं. बाबांना फोनवर सांगितलं, की हे दोर पॉलिएस्टरचे असतात. ते हसले. "शर्टाचं कापड?"

हो, तेच. उथळ पाण्यात लोखंडी साखळी तिच्या वजनामुळे काम करते. ती तळावर पसरून पडते. लाट आली की थोडी उचलली जाते, लाट गेली की पुन्हा खाली बसते. पण खोली वाढली की साखळीचं स्वतःचं वजनच प्लॅटफॉर्मला खाली ओढायला लागतं. पॉलिएस्टर समुद्राच्या पाण्यात जवळजवळ तीन चतुर्थांश वजन गमावतं. हवेत एक किलो भरणारा दोर पाण्यात अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. लाटेचा हिसका तो वजनाने नाही, ताणून घेऊन सोसतो. ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीने १९९०च्या दशकात हे करून दाखवलं आणि मग बाकीचे त्या वाटेने गेले.

दोर मांडीएवढा जाड. आत समांतर लहान दोर, बाहेर विणलेलं आवरण आणि मध्ये गाळ अडवणारा थर. कारण गाळाचे कण तंतूंमध्ये शिरले तर प्रत्येक लाटेसरशी ते आतून घासत राहतात. म्हणून तळाशी आणि वर साखळी, मध्ये पॉलिएस्टर. आमच्या कामाचा नियम साधा होता: दोर तळाला टेकला, तर तो वापरायचा नाही.

त्या रात्री पाण्याखालच्या रोबोचा कॅमेरा मी बघत होतो. जहाज जरा मागे सरकलं, दोराला झोल पडला आणि स्क्रीनवर मातीचा ढग उठला. काही सेकंदच. ढग निवळला तेव्हा दोर पुन्हा ताणलेला होता, अगदी स्वच्छ.

"साखळी टेकली असेल," शिफ्टचा प्रमुख म्हणाला. तसंही असू शकलं असतं. व्हिडिओत नीट कळत नव्हतं. पण मला ढगाआधी दोराचं निळं आवरण खाली जाताना दिसलं होतं. दोर बदलायचा म्हणजे दोन दिवस जाणार, आणि जहाजाचं रोजचं भाडं माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त. वीस मिनिटं मी नोंदवही उघडी ठेवून नुसता बसलो. न लिहिण्याची किती चांगली कारणं सुचत होती!

शेवटी लिहिलं.

दोर वर काढला, राखीव तुकडा लावला. दोन दिवस जहाजावर माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. महिन्याभराने तपासणीचा अहवाल आला: आवरणावर माती, आत गाळ नाही. म्हणजे दोर कदाचित वीस वर्षं टिकला असता. प्रमुखाने तो अहवाल मला मुद्दाम पाठवला, खाली एक हसरा चेहरा टाकून.

सुट्टीत घरी गेल्यावर हे बाबांना सांगितलं. ते जाळ्याची गाठ मारत होते.

"तिथे खाली दोरावर हात कोण फिरवतं?"

"कोणीच नाही. कॅमेरा जातो अधूनमधून. बाकी, टाकताना ज्याने जे पाहिलं ते लिहिलेलं असतं, तेवढंच."

त्यांनी गाठ ओढून बघितली. "मग लिहिलंस ते बरं केलंस," म्हणाले आणि दुसरी गाठ मारायला घेतली.