सकाळी ९, रात्री ९

१२ जानेवारी २०२५, रविवार
लेकाच्या किडनी प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. गजर वाजला की सूनबाई तव्यावरची पोळी तशीच टाकून धावते.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ दारातूनच. हळदीकुंकू यंदा नाही. स्टिरॉइडने लेकाचा चेहरा गोल झालाय. नणंद म्हणाली, "तब्येत सुधारली हो!" मी गप्प.

१६ जानेवारी
त्याचे हात थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजत राहतो. टॅक्रोलिमसनेच होतं. चेकवरची सही जुळेना.

१८ जानेवारी
मेडिकलवाला दुसऱ्याच कंपनीच्या पट्ट्या देत होता. "औषध तेच आहे, काकू." घेतल्या नाहीत. परस्पर कंपनी बदलायची नाही, रक्तातली औषधाची लेव्हल हलते, असं डॉक्टरांनी बजावलंय. सदाशिव पेठेतून आणल्या.

२१ जानेवारी
पेपरात पुण्यातल्या जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) आजाराची बातमी. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. पाण्याचा संशय. आमचं घर सिंहगड रस्त्यावरच. पनीर बंद, बाहेरचं सगळं बंद. पाणी खळखळून उकळायचं, दात घासायलासुद्धा तेच.

२२ जानेवारी, रात्री
झोप नाही. मी त्याची आई, किडनी माझीच, तरी माझ्या पेशींवरच्या खुणा त्याच्याशी अर्ध्याच जुळतात. उरलेल्या त्याच्या शरीराला परक्या. १९५४ साली बॉस्टनमध्ये पहिली किडनी यशस्वी झाली ती जुळ्या भावाची. तिथे गोळ्या लागल्याच नाहीत. बाकीच्यांनी शरीराची राखण मंद ठेवायची. तीही या पाण्यात.

२४ जानेवारी
पहाटेपासून जुलाब. काय चुकलं, कळत नाही.

२५ जानेवारी
टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त गोळीच्या आधी द्यायचं. गोळी पर्समध्ये घेऊन लॅबबाहेर बसलो.
संध्याकाळी किडनीच्या तपासणीचं क्रिएटिनिन आलं. १.३ होतं, ते १.८. रिजेक्शन हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही.
ॲडमिट. सलाइन.

२६ जानेवारी
टॅक्रोची लेव्हल १५.२. हवी ८ ते १०. गोळी एकही जास्त गेलेली नाही, डब्याचे खण मी स्वतः भरते.
डॉक्टरांनी समजावलं. एरवी आतडं बरंचसं टॅक्रो अडवतं, मोडतं. जुलाबात ते जमत नाही, औषध रक्तात जास्त उतरतं. जास्त झालं की किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे किडनी सांभाळणारी गोळीच तिला इजा करते.
रात्रीचा डोस वगळला. उद्यापासून कमी. क्रिएटिनिन उतरलं नाही तर बायोप्सी.

२७ जानेवारी
जीबीएसचा आकडा १०१ वर.
लेक छताकडे बघत म्हणाला, "आई, तुझी किडनी वाया गेली तर?"
"दिली ती दिली. पाणी पी."
बाहेर जाऊन रडले.

२८ जानेवारी
जुलाब थांबले. क्रिएटिनिन १.६.
लेकाने मोबाइलवर वाचून दाखवलं. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमध्ये, त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. त्याआधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून. जंतूंच्या धास्तीने मी पाणी उकळते आणि माझं पोर मातीतल्या जंतूंच्या औषधावर उभं आहे. बरं वाटलं ऐकून.

३० जानेवारी
१.४. टॅक्रो ९.१. बायोप्सी नाही! ह्यांनी वॉर्डातच हात जोडले.

३१ जानेवारी
घरी. ९ चा गजर.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी
शेजारच्या सोसायटीतल्या बाईंचा फोन. नवऱ्याला किडनी द्यायचीय. "ऑपरेशन झालं की सुटलो ना, काकू?"
खरं ते सांगितलं. डोस कमी होत जातात, गोळ्या बंद होत नाहीत. लेव्हल तपासत राहायचं, साधा ताप आला तरी डॉक्टरांना फोन करायचा. इतर कुठलंही औषध मनाने घ्यायचं नाही. पैसेही लागतात, तेही सांगितलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या सुया टोचून घेणारा माझा पोरगा आज स्वतः दूध आणायला खाली गेला, तेही सांगितलं.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"तरी द्या," मी म्हटलं.