पत्र्यावरच्या तिघी

आमच्या तसबिरीला मोठा खिळा लागत नाही. अठरा इंच रुंद, बारा इंच उंच, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. अॅल्युमिनियमचा पत्रा तो, वजन असून असून किती असणार? मागे दडवलेल्या चौकटीमुळे ती भिंतीपासून बोटभर पुढे येऊन राहते. वर काच नाही, भोवती फ्रेम नाही. आमच्या कल्याणच्या घरात, बाहेरच्या खोलीत ही तसबीर लागली तेव्हापासून आल्यागेल्याशी पहिली ओळख तीच काढते. पाहुणा चपला काढून आत वळला की आधी तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "या कोण?"

या तिघी विद्यार्थिनी आहेत. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया, वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या मुलखाच्या पेहरावात आलेल्या दमास्कसच्या साबात इस्लामबुली. आनंदीबाईंचं वय वीस. पदवी हाती पडायला अजून पाच महिने आहेत. जन्म कल्याणचा, १८६५ चा, म्हणून आमच्या गावाला त्यांचा अभिमान. पण या फोटोनंतर दीड वर्षही त्या जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. पत्र्यावर मात्र पुढचं काहीच घडलेलं नाही.

जुन्या तसबिरींचा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे. छताजवळ, पुढे झुकलेल्या, काचेवर धूळ, मागे पालीचं बिऱ्हाड. कोकणातल्या पावसात त्यांच्यात ओल शिरते, कागदाला कसर लागते, फोटो काचेला चिकटतो आणि सोडवायला जावं तर चेहराच निघून येतो. पत्र्यावरची ही तसबीर त्या बाबतीत खंबीर आहे. तिच्यावर चित्र चिकटवलेलं नाही, ते तिच्यात मुरलेलं आहे. आधी खास शाईनं कागदावर उलटं चित्र छापतात, तो कागद लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला दाबतात. कापूर न वितळता सरळ हवेत जातो, तसा शाईतला रंग वायू होऊन लेपात शिरतो आणि पत्रा निवला की तिथेच राहतो. मऊ कोरड्या फडक्यानं पुसलं की झालं. रोजचं थेट ऊन मात्र तिला नको, रंग हळूहळू उडतात.

कुणाला वाटेल, जुन्या माणसांना हा नवा पत्रा कशाला? पण फोटोचा जन्मच धातूवरचा. १८३९ मध्ये जगापुढे आलेला दागेरोटाइप चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा. पुढे लोखंडाच्या पातळ पत्र्यावरचे स्वस्त फोटो आले. कागद घरोघरी रुळला तो नंतर. तेव्हा ही तसबीर परक्या घरी आलेली नाही.

अशा तसबिरीची एक खोड आहे, ती चमकते. झिलईदार पत्रा घेतला तर दिवसा त्यात खिडकी दिसते आणि रात्री ट्यूबलाइट. आनंदीबाईंच्या कपाळावर ट्यूबलाइट मला बघवली नसती, म्हणून मॅट पृष्ठभाग घेतला. लेपाखाली पांढरा थरही मागून घेतला, कारण तो नसला तर चित्रातल्या उजळ जागी धातू चकाकतो. समुद्राच्या किंवा इमारतीच्या चित्राला ते शोभतं. माणसाच्या गालाला नाही.

छापणाऱ्या मुलानं फार आपुलकीनं विचारलं होतं, "मॅडम, रंग भरून देऊ का? आणि जोशीबाई एकट्याच मोठ्या करतो, छान दिसतील." दोन्हीला मी नाही म्हटलं, आणि दोन्हीची कारणं माझ्यासाठी गंभीर आहेत.

रंगाचं आधी. त्या काळी कॅमेऱ्यात घालायच्या काचपट्ट्यांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा फिका उतरायचा, लाल काळपट. फोटोत गडद दिसणारं वस्त्र खरोखर गडदच होतं असं त्यावरून म्हणता येत नाही. मग संगणक साडीला जो रंग देईल तो कुणाचा? संगणकाचा. जी बाई फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी सोडायला तयार झाली नाही, तिला मी माझ्या पसंतीचा रंग नेसवावा, हे मला पटत नाही. तेच पापण्या आणि ओठ 'स्पष्ट' करून देण्याचं. पत्रा इतका नेमका आहे की त्यावर खोटी पापणीही खरी वाटते.

आता एकटीचं. आपण आनंदीबाईंची गोष्ट नेहमी एकटीची सांगतो. नऊ वर्षांची नवरी, हट्टी नवरा गोपाळराव, बोट, थंडी, क्षय. या फोटोत त्यांना मैत्रिणी आहेत. ओकामींना १८८९ मध्ये पदवी मिळाली आणि टोकियोला परतून त्यांनी डॉक्टरकी केली. इस्लामबुलींना १८९० मध्ये मिळाली. परमुलखात, परभाषेत, शरीरशास्त्राची तीच जाडजूड पुस्तकं उपसणाऱ्या तीन मुली. यातल्या दोघींना कात्री लावायची आणि आपलीच ठेवायची, हे आनंदीबाईंनाही रुचलं नसतं असं मला वाटतं.

आईनं एका फेब्रुवारीत, आनंदीबाईंच्या पुण्यतिथीच्या सुमारास, विचारलं, "हार आणू का गं?" हार अडकवायला तसबिरीला वर जागाच नाही. आणि घालायचा तरी कुणाला? या फोटोतल्या तिघी जिवंत आहेत, कॉलेजच्या समारंभासाठी नटून आल्या आहेत. आईनं तसबिरीखालच्या फळीवर मोगरा ठेवला, आणि ते मला फार आवडलं.

तुम्हाला अशी तसबीर घरी लावायची असेल तर व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रत छापायला देऊ नका. पत्रा तिचा प्रत्येक चौकोन उघडा पाडतो. मूळ छायाचित्र जपणाऱ्या संग्रहाची मोठी प्रत मिळवा. या फोटोसाठी तो संग्रह फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. अठरा बाय बारा इंचांना ५४०० बाय ३६०० पिक्सेल असतील तर उत्तम. पत्र्याच्या मागे तिघींची नावं, गावं आणि तारीख पक्क्या शाईनं लिहा, आणि चौकटीतून कुणालाही बाहेर काढू नका.